यादी, चिठ्ठी आणि पाकीट

१६ मे २०१६ रोजी तामिळनाडूत विधानसभेसाठी मतदान झाले. मतदारसंघ २३४, मतदान मात्र २३२ ठिकाणी. कुंभकोणमच्या लोकांनी त्या दिवशी रांगा लावून मते दिली. तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या तंजावरकरांच्या बोटाला शाई लागली नाही. करूर जिल्ह्यातल्या अरवकुरिचीचीही तीच गत झाली. मतदारांना पैसे आणि वस्तू वाटल्याच्या तक्रारी इतक्या साचल्या की निवडणूक आयोगाने आधी मतदान आठवडाभर पुढे ढकलले, मग १३ जूनची तारीख दिली आणि शेवटी २८ मे रोजी या दोन जागांची निवडणूक रद्दच केली. लाचेमुळे विधानसभेची निवडणूक रद्द करण्याची वेळ देशात पहिल्यांदा आली ती इथे. नवे मतदान १९ नोव्हेंबरला झाले. दोन्ही प्रमुख द्रविड पक्षांनी मे महिन्यातलेच उमेदवार पुन्हा उभे केले. तंजावरहून अण्णाद्रमुकचे एम. रंगसामी निवडून आले.

मतदाराची ओळख आणि निवडणुकीची सुरक्षितता यांवर देशभर वाद पेटलेला असताना त्याचा आढावा घ्यायला मी कावेरीकाठचा हा पट्टा निवडतो आहे तो या घटनेमुळे. तंजावरला त्या वेळी मुख्य तक्रार बोगस मतदारांची नव्हती. याद्या होत्या, छायाचित्र असलेली ओळखपत्रे होती, यंत्रे होती, भरारी पथके होती. पैशांची पाकिटे ज्यांच्यासाठी होती ते सगळे खरे, नाव-पत्ता तपासलेले मतदार होते. ओळख पटवण्याची व्यवस्था जागेवर असूनही निवडणूक नासली. माझे म्हणणे त्याही पुढचे आहे: यादी जितकी नेटकी, तितकी पैसे वाटणाऱ्याची सोय अधिक. ते मांडण्याआधी बाकीचे पदर उलगडायला हवेत, कारण बोगस मतदान, गळालेली नावे, दुबार नावे, यंत्रांवरचा संशय आणि लक्ष्मीदर्शन हे सगळे आज एकाच गोंगाटात मिसळून गेले आहे.

या मुलखाला निवडीतल्या लबाडीची काळजी फार जुनी आहे. कुंभकोणमजवळचे पळैयारै हे एकेकाळी चोळांच्या राजधानीचे ठिकाण. त्याच चोळांच्या राज्यात, पहिल्या परांतकाच्या कारकिर्दीत, आजच्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या उत्तिरमेरूरच्या ग्रामसभेने इ. स. ९१९ आणि ९२१ मध्ये आपल्या समित्या निवडण्याचे नियम दगडावर कोरून ठेवले. गावाच्या तीस विभागांतून पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहायची, ती घड्यात टाकून ढवळायची आणि आत काय लिहिले आहे ते न कळणाऱ्या लहान मुलाकडून एक चिठ्ठी काढून घ्यायची. ती हाती घेणाऱ्याने पाचही बोटे पसरून उघड्या तळव्यावर घ्यायची, वाचायची आणि हजर असलेल्या सगळ्या पुजाऱ्यांनीही ती वाचायची. पूर्वी समितीवर राहून हिशेब न दिलेला माणूस आणि त्याचे नातलग यांची नावे घड्यात टाकायचीच नाहीत. हजार वर्षांपूर्वी बोटांच्या चलाखीचा इतका विचार केलेला पाहून आदर वाटतो. पण घड्यात नाव पडायला स्वतःची करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरचे घर, पस्तीस ते सत्तर वय आणि वेदाध्ययन लागे. बायका, कुळे आणि शेतात राबणारे त्या घड्याच्या आसपासही नव्हते. चिठ्ठी काढण्यात चोख, पण घड्यात कुणाला घ्यायचे त्यात कृपण, असा तो कारभार होता. पुढच्या सगळ्या वादाचे हे दोन भाग तेव्हापासून वेगळे आहेत आणि आपण ते सारखे एकमेकांत मिसळतो.

मराठी वाचकाला कुंभकोणम परके नाही. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती आणि तिच्याबरोबर आलेली देशस्थ कुटुंबे या गावात मुरली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचा. १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. कायदेमंडळात लोकांनी निवडलेले सभासद असावेत ही त्या काळच्या काँग्रेसची प्रमुख मागणी. निवडणार कोण, तर मालमत्ता असलेले, कर भरणारे, शिकलेले मूठभर. अशा मतदाराची ओळख पटवायला ओळखपत्र लागत नसे; करवसुलीच्या वहीत त्याचे नाव असेच.

प्रौढ मताधिकार आला आणि प्रश्न पार बदलला. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी १७ कोटींवर लोकांची यादी करायची होती, त्यातले बहुतेक निरक्षर. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे जी पहिली अडचण आली ती नावाचीच होती. उत्तरेतल्या राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच नोंद झाली. सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असे ठरवले, मुदत वाढवून दिली, तरी सुमारे २८ लाख बायकांची नावे शेवटी वगळावी लागली. पुढच्या निवडणुकीत त्यातल्या बहुतेकींनी आपले नाव सांगितले असेल, असे मानायला जागा आहे. पण स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदानाला त्या मुकल्या. ओळखीच्या अटीची पहिली किंमत कुणी मोजली, याचे उत्तर तिथेच मिळते.

त्या निवडणुकीची बाकीची सुरक्षा साधी आणि हाताला लागणारी होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मुंबईत विक्रोळीला गोदरेजने अशा बारा लाखांहून अधिक पोलादी पेट्या बनवल्या. दुबार मतदान रोखायला शाई. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट कातडीवर उन्हाने काळे पडते आणि नखावरचा डाग नख वाढेपर्यंत जात नाही. १९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. तिचा मोठा गुण असा की ती मतदाराकडे कागद मागत नाही. तो कोण आहे याच्याशी तिला देणेघेणे नाही. तो आज पुन्हा रांगेत येणार नाही एवढे ती बघते. मुंबईच्या महापालिका निवडणुकीत जानेवारी २०२६ मध्ये शाईऐवजी मार्कर पेन वापरल्यावरून जो गदारोळ झाला, तो मला म्हणूनच रास्त वाटतो. इतक्या स्वस्त आणि कुणालाही न वगळणाऱ्या उपायावरचा विश्वास हलवायला नको होता.

ओळखपत्राचा आग्रह टी. एन. शेषन यांचा. डिसेंबर १९९० ते डिसेंबर १९९६ या सहा वर्षांत त्यांनी निवडणूक आयोगाला जो कणा दिला, त्याबद्दल देश त्यांचा ऋणी आहे. त्याआधी बिहार-उत्तर प्रदेशात मतदान केंद्रे ताब्यात घेणे नित्याचे झाले होते. दलित वस्त्यांतली मते दुसरेच कुणी टाकून मोकळे होत. १९९३ मध्ये छायाचित्र ओळखपत्राचा आदेश निघाला. १ जानेवारी १९९५ नंतर ओळखपत्रे नसतील तिथे निवडणूकच घेणार नाही, इथपर्यंत शेषन गेले आणि न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतरच ती अट सैल झाली. त्याच काळात मुंबईत आणि दिल्लीत हजारो लोकांना, बहुतेक झोपडपट्टीतल्या, नागरिकत्व सिद्ध करा अशा नोटिसा गेल्या. लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की, आधीच्या यादीत ज्याचे नाव आहे त्याच्या बाजूने गृहीत धरून चालावे लागेल. नाव काढायचे तर त्याला नोटीस द्या, त्याचे ऐका, त्याचे सगळे पुरावे बघा. तीस वर्षे झाली, तरी आजच्या वादाची किल्ली या निकालातच आहे असे माझे मत आहे.

ओळखपत्र आले, पसरले आणि आता ते नसले तरी मत देता येते. आधार, वाहन परवाना, पॅन, पारपत्र, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड, अपंगत्वाचे कार्ड अशा बारा पर्यायांपैकी एक चालतो. भारतातली ही व्यवस्था उदार आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने ओळखपत्र सक्तीचे केले आणि मे २०२३ मधल्या स्थानिक निवडणुकांत सुमारे १४ हजार लोक केंद्रावर येऊन कागदाअभावी मत न देता परतले, असे तिथल्याच निवडणूक आयोगाने नोंदवले. आपल्याकडे दारातून परत जाणारा माणूस बहुधा वेगळ्याच कारणाने जातो: त्याच्या हातात ओळखपत्र असते आणि यादीत नाव नसते. एप्रिल २०१४ मध्ये पुण्यात आणि मुंबईत असे हजारो लोक केंद्रावरून परतले. वर्षानुवर्षे मत देत आलेली, कार्ड दाखवणारी माणसे. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मताचा हक्क कार्डात नसून यादीत असतो, हे महाराष्ट्राने त्या वर्षी रांगेत उभे राहून अनुभवले.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेले असेल तर? त्यालाही नियमात वाट आहे. ४९-पी या नियमाखाली तुम्ही ओळख पटवून 'प्रदत्त मत' देऊ शकता. ते यंत्रात जात नाही, कागदी मतपत्रिकेवर नोंदून लखोट्यात बंद होते आणि निकाल कोर्टात गेला, फरक अगदी निसटता असला, तरच त्याचा विचार होतो. हा कोपऱ्यातला नियम तामिळनाडूत घरोघरी माहीत झाला तो २०१८ च्या 'सरकार' या चित्रपटामुळे. नायक परदेशातून मत द्यायला येतो, त्याचे मत कुणी तरी टाकलेले असते, आणि तिथून कथा पेटते. पुढच्याच वर्षी लोकसभेच्या मतदानात या नियमाचा बराच बोलबाला झाला. मला यात एक मोलाची गोष्ट दिसते. बोगस मत पडल्यावर ते नोंदवायचा हक्क मतदाराकडे आहे, त्यामुळे बोगस मतदान खरोखर किती होते याचा अंदाज प्रदत्त मतांच्या आकड्यांवरून बांधता येतो. हे आकडे प्रत्येक निवडणुकीनंतर मतदान केंद्रनिहाय, ठळकपणे, लोकांपुढे मांडले गेले तर निम्मी आरडाओरड आपोआप शांत होईल किंवा निम्मी सिद्ध तरी होईल.

आता यादीकडे. जून २०२५ मध्ये बिहारपासून निवडणूक आयोगाने मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू केले. बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. ती कोणती आणि का, हे जाहीर करा असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावे लागले, आणि ८ सप्टेंबरला आधार हाही ओळखीचा पुरावा धरा असे सांगावे लागले. नोव्हेंबरमध्ये ही मोहीम तामिळनाडूत आली. सत्तारूढ द्रमुकने सर्वपक्षीय बैठक घेऊन तिला विरोध केला आणि न्यायालय गाठले. अण्णाद्रमुकने तिचे समर्थन केले. १९ डिसेंबरला प्रारूप यादी आली तेव्हा ६ कोटी ४१ लाखांचा आकडा ५ कोटी ४३ लाखांवर उतरला होता. ९७ लाखांहून अधिक नावे वगळली गेली. त्यांतली सुमारे २७ लाख मृतांची, सव्वातीन लाखांहून थोडी अधिक दुबार, आणि ६६ लाखांच्या वर स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेल्यांची.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. २७ लाख मृत माणसे यादीत होती, म्हणजे साफसफाईची गरज खरी होती. मृताचे नाव यादीत राहणे ही बोगस मताला दिलेली मोकळी जागाच आहे, आणि जे पक्ष आज गळा काढतात त्यांनी मयतांची नावे काढण्यासाठी वर्षानुवर्षे काय केले हे त्यांना विचारायला हवे. पण बाकीच्या ६६ लाखांत मेहनतीवर जगणारी, घर बदलणारी माणसे आहेत. कावेरीचा त्रिभुज प्रदेश भाताचा. शेतीत काम नसले की इथली माणसे तिरुपूरच्या कापड कारखान्यांत, चेन्नईत, आखातात जातात. मोहिमेचे दिवसही पाहा. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे तिथला ईशान्य मोसमी पाऊस, शेतात सांबा भात उभे. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाच्या पावसाने त्या भागातली शेते पाण्याखाली गेली. अशा वेळी अर्ज घेऊन दारोदार फिरणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणजे एखादी अंगणवाडी सेविका, शिक्षक किंवा महसूल खात्याचा कर्मचारी. कामाच्या ताणाविरुद्ध तामिळनाडूतल्या महसूल कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले ते उगाच नव्हे.

नावाचा घोळ तर तिथे मुरलेलाच आहे. दोन दशकांपूर्वीच्या यादीत तुमचे किंवा तुमच्या आईवडिलांचे नाव दाखवा, म्हणजे वेगळा कागद लागणार नाही, अशी या मोहिमेची रचना. तमिळ माणसाला आडनाव नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे, मग स्वतःचे नाव. एका कागदावर आद्याक्षर, दुसऱ्यावर वडिलांचे पूर्ण नाव, तिसऱ्यावर ते मागे गेलेले. लग्नानंतर बाईचे आद्याक्षर बदलते. तंजावरी मराठी कुटुंबांत तर मूळ आडनाव बाजूला पडून 'राव' उरला. वर ज्यांचा उल्लेख केला त्या माधवरावांच्या नावातला 'टी' हा वडिलांचा नाहीच, तो तंजावरचा. त्यांच्या वडिलांचे नाव रंगराव. संगणकाने जुळवाजुळव करायची ठरवली तर बडोद्याच्या या दिवाणाला आपल्या बापाचा मुलगा ठरायला सुनावणीला जावे लागेल. माधवरावांकडे कागद कमी पडले नसते. तिरुभुवनमच्या रेशीम विणकराकडे किंवा नाचियारकोविलला पितळी समया ओतणाऱ्या कारागिराकडे ते असतीलच असे नाही.

महाराष्ट्राचा राग उलट दिशेचा आहे. तिथे आक्षेप नावे गळण्यापेक्षा नावे फुगण्याचा. लोकसभा आणि विधानसभा या २०२४ मधल्या दोन निवडणुकांच्या दरम्यान वाढलेल्या मतदारांवरून विरोधकांनी रान उठवले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात साडेसहा हजारांहून अधिक संशयास्पद ऑनलाइन अर्ज आले. प्रशासनाचे म्हणणे, आम्हीच ते पकडले, फेटाळले आणि पोलिसांत तक्रार दिली. विरोधकांचे म्हणणे, हे तर हिमनगाचे टोक. मुंबई महापालिकेच्या प्रारूप यादीत सव्वाचार लाखांहून अधिक मतदारांच्या मिळून ११ लाखांवर नोंदी एकापेक्षा जास्त वेळा आल्याचे दिसले. १ नोव्हेंबर २०२५ ला महाविकास आघाडी आणि मनसेने मुंबईत मोर्चा काढला. राज्य निवडणूक आयोगाने दुबार नावांपुढे तारांकन करून केंद्रावर हमीपत्र घेण्याचा तोडगा काढला. तामिळनाडूत जो पक्ष नावे कापू नका म्हणतो आणि महाराष्ट्रात जो नावे कापा म्हणतो, ते दोघे राष्ट्रीय पातळीवर एकाच आघाडीचे घटक आहेत. यात विसंगती शोधण्यापेक्षा मला दोघांच्या तक्रारीत सारखे काय आहे ते महत्त्वाचे वाटते: नाव चढले तर कुणी चढवले, गेले तर का गेले, हे साध्या माणसाला शोधून पाहता येईल अशा स्वरूपात मिळत नाही. लालबाबू निकालातली नोटीस आणि सुनावणी प्रत्येक वगळणुकीला प्रत्यक्ष मिळाली असती, आणि यादी यंत्राने वाचता येईल अशी खुली असती, तर तामिळनाडूतला विरोध आणि मुंबईतला मोर्चा या दोन्हींची धार गेली असती. आयोगाचे पाऊल मात्र उलटे पडते. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रावरच्या चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांना मिळण्याची वाट अरुंद झाली, आणि मे २०२५ मध्ये ते चित्रीकरण जपायची मुदत ४५ दिवसांवर आली.

यंत्रांबद्दल थोडक्यात, कारण त्यांवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. १९८२ मध्ये केरळात परवूरला ५० केंद्रांवर ती प्रथम वापरली, कायद्यात तरतूद नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द केले, मग कायदा दुरुस्त झाला. २००१ च्या विधानसभेपासून तामिळनाडूत सगळीकडे यंत्रे आहेत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ज्या अभियंत्यांनी ही यंत्रे उभी केली, त्यांत एस. रंगराजन होते. तमिळ वाचक त्यांना 'सुजाता' या टोपणनावाने ओळखतात. कावेरीकाठच्या श्रीरंगममध्ये वाढलेले, तमिळमध्ये विज्ञानकथा रुजवणारे लेखक. २०१३ पासून यंत्राला चिठ्ठी दाखवणारा व्हीव्हीपॅट जोडला जाऊ लागला. सात सेकंद ती काचेतून दिसते. आता विधानसभा मतदारसंघामागे पाच केंद्रांतल्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली, पण चिन्हे भरण्याचे उपकरण ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितले. माझे मत विचाराल तर पाचाचा आकडा वाढवायला हवा. निवडणुका महिनोन् महिने चालतात, मोजणीला आणखी एक दिवस लागल्याने काही बिघडत नाही. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच मतपत्रिका छापून फेरमतदान करायचे ठरवले. ज्यांच्यासाठी गाव झगडत होते ते उत्तम जानकर मतदारसंघातून निवडून आले होते, तरी आपल्या गावातला आकडा गावाला पटेना. जमावबंदी लावून पोलिसांनी ते थांबवले. गावाचा संशय खरा की खोटा हे त्यामुळे कधीच कळले नाही, आणि संशय तसाच राहिला.

मारकडवाडीला संशय घेता आला तो एका गोष्टीमुळे: प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मते पडली ते जाहीर होते. याच आकड्यांची दुसरी बाजू कावेरीकाठी दिसते, आणि इथे मी सुरुवातीच्या विधानाकडे येतो.

जानेवारी २००९ मध्ये मदुराईजवळच्या तिरुमंगलमला पोटनिवडणूक झाली. तिच्यानंतर 'तिरुमंगलम फॉर्म्युला' हा शब्दप्रयोग तमिळ राजकारणात रुळला. अमेरिकी वकिलातीची त्या वर्षीची एक गोपनीय तार पुढे फुटली. तिच्यात असे वर्णन होते की मतदार यादीतल्या प्रत्येकाला पाच-पाच हजार रुपये पोचवण्यात आले, पाकिटे सकाळच्या वर्तमानपत्रात घालून घरात टाकली गेली, आणि पैशांबरोबर कुणाला मत द्यायचे त्याची चिठ्ठी होती. पैसे वाटल्याचा आरोप तिथल्या दोन्ही मोठ्या पक्षांनी एकमेकांवर केला आहे. एप्रिल २०१७ मध्ये चेन्नईच्या आर. के. नगरची पोटनिवडणूक ८९ कोटींच्या वाटपाच्या नोंदी सापडल्यावर रद्द झाली. एप्रिल २०१९ मध्ये वेल्लोरची लोकसभेची. तंजावर या मालिकेच्या मधोमध येते.

या वाटपाला काय लागते ते पाहा. भाग क्रमांक, अनुक्रमांक, घर क्रमांक, घरातली माणसे, त्यांची वये. हे सगळे मतदार यादीत छापलेले मिळते. पक्षाचा कार्यकर्ता ती यादी हातात धरून मतदार चिठ्ठ्या वाटायला प्रत्येक दारात जातो, आणि चिठ्ठी वाटणे कायदेशीर आहे. चिठ्ठी आणि पाकीट एकाच हाताने, एकाच फेरीत जाऊ शकतात. यादीतला मृत माणूस, दुबार नाव, गाव सोडून गेलेला हे सगळे वाटणाऱ्याच्या दृष्टीने वाया जाणारे पैसे. शुद्ध यादी त्याला स्वस्त पडते. मग मतदान गुप्त असताना पैसे फिटले की नाही ते त्याला कसे कळणार? मतमोजणीच्या दिवशी. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार, म्हणजे दोन-चार आळ्या. त्या आळ्यांनी काय केले ते केंद्रनिहाय आकड्यांत लख्ख दिसते. नळाचे पाणी, रस्ता, घरकुलाची यादी या सगळ्यासाठी पुढची पाच वर्षे त्या आळ्यांना त्याच माणसांच्या दारात जायचे असते. दलित वस्ती बहुधा गावाबाहेर एकत्र असते, तिथे तर कुणाची मते कुठे गेली हे सांगायला गुप्तहेर लागत नाही.

याउलट पैसा अडवण्याचे उपाय भलत्यावरच पडतात. आचारसंहिता लागली की पन्नास हजारांवर रोकड कागदाशिवाय नेता येत नाही. कुंभकोणम हे विड्याच्या पानांचे, पितळेचे, लग्नाच्या रेशमी साड्यांचे गाव. तिथला सगळा हंगामी व्यवहार रोखीचा. भरारी पथक अडवते ते पानाच्या व्यापाऱ्याला आणि मुलीच्या लग्नाची खरेदी करायला निघालेल्या बापाला. मतदारसंघातल्या गोदामात आठवडाभर आधीच पोचलेल्या रकमेला नाका लागत नाही. कायदाही अपुरा. केंद्र ताब्यात घेतले तर मतदान रद्द करण्याचा स्पष्ट अधिकार लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ५८-अ कलमाने आयोगाला आहे. लाचेसाठी तसे कलम नाही. तंजावरला आयोगाला घटनेच्या ३२४ व्या अनुच्छेदातल्या सर्वसाधारण अधिकाराचा आधार घ्यावा लागला. त्यानंतर आयोगाने लाचेसाठी ५८-ब कलम मागितले, ते मिळाले नाही. उमेदवारांवर बंधन नव्हतेच. म्हणून तर नोव्हेंबरात तेच चेहरे परत आले.

यावरचा जो उपाय मला सर्वांत खरा वाटतो तो फारसा चर्चेत नाही. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पेट्यांतली मते एकत्र मिसळून मोजत, त्यामुळे कोणत्या वस्तीने कुणाला मत दिले ते कळत नसे. यंत्रे आली आणि हे आवरण गेले. चौदा यंत्रांची मते एकत्र मोजून एकच बेरीज दाखवणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण तयार आहे. ते वापरू द्या असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्येच दिला, विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नकार दिला. कारण असे की केंद्रनिहाय आकडे कळले म्हणजे उमेदवाराला आपण कुठे कमी पडलो ते समजते आणि तिथे अधिक काम करता येते. ज्याला पैशांचा हिशेब जुळवायचा आहे त्यालाही नेमके हेच समजते.

मारकडवाडीचा आक्षेप मात्र मी टाळणार नाही. आकडे मिसळले तर गावाला आपली मते तपासता येणार नाहीत, केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब देणाऱ्या फॉर्म १७-क वरून ताळा घेणे अवघड होईल. हा तोटा खरा आहे. त्यासाठी वाट अशी काढता येईल की चौदा केंद्रांच्या गटाची बेरीज जाहीर करावी, प्रत्येक केंद्रावर एकूण किती मते पडली तो आकडा आजच्यासारखाच प्रतिनिधींच्या हाती राहावा, आणि त्या गटातल्या एका दोन नव्हे तर अधिक यंत्रांच्या चिठ्ठ्या मिसळून मोजाव्यात. म्हणजे यंत्राची परीक्षाही होईल आणि आळीचे मतही झाकलेले राहील. कागदी मतपत्रिका मिसळून मोजण्याचा ५९-अ हा नियम आजही नियमपुस्तकात आहे. यंत्रांसाठी तशी तरतूद करायला संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. निवडणूक आयोगाशी सल्लामसलत करून केंद्र सरकारने यंत्रांवरच्या मतमोजणीच्या नियम ६६-अ मध्ये दुरुस्ती केली की पुरते.